वाचून सोडलं

“परत म्हण ना ते. तेच वाक्य. यांना ऐकू दे.”

सुलभाताई असं म्हणाल्या आणि मी परत म्हटलं.

आज इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की माझे कान तापतात. सगळे हसले म्हणून नाही. मी परत म्हटलं म्हणून. मला वाटलं, माझं वाक्य त्यांना आवडलं. मागच्या बाकावरच्या दोघांना नीट ऐकू आलं नसेल म्हणून मी या वेळी मोठ्यानं म्हटलं, हसत हसत म्हटलं. आणि सगळा वर्ग फुटला. एक गृहस्थ रुमालाने डोळे पुसत होते.

बेंगळूरुच्या मल्लेश्वरममध्ये एका शाळेच्या वर्गात आमचं वाचक मंडळ भरायचं. महिन्यातून एक रविवार. लहान मुलांची बाकं, त्यांत मोठी माणसं गुडघे आवळून बसलेली. महिन्याभरात वाचलेल्या एका पुस्तकावर प्रत्येकाने आपलं मत सांगायचं, अशी रीत होती. कुणी कादंबरीवर बोलायचं, कुणी युरोपच्या प्रवासवर्णनावर, कुणी मधुमेहावरच्या पुस्तकावर. एक निवृत्त इंजिनियर दर वेळी धरणांवरचं काहीतरी आणायचे आणि लोक जांभया द्यायचे. मला तेसुद्धा आवडायचं. पुस्तकाबद्दल माणसं भांडतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

मंडळातली बहुतेक माणसं पुण्या-मुंबईची. नव्वदनंतर बेंगळूरुत कंपन्या वाढल्या तशी ती आली. सुलभाताई मंडळाच्या प्रमुख. यजमान मोठ्या हुद्द्यावर, हेब्बाळकडे नवा बंगला, गाडी शाळेच्या फाटकाशी उभी राहायची.

मी त्यांच्यातली नव्हते. म्हणजे मीही मराठीच. पण आमची माणसं या गावात तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर आली म्हणतात. नक्की कुणालाच सांगता येत नाही. घरात मराठी, दारात कन्नड. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, मल्लेश्वरमच्या एका क्रॉसवर, म्हणजे आडव्या रस्त्यावर, शिवणाचं दुकान. मी जयनगरमध्ये एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होते. शाळा कन्नडमधून झाली. मराठी अक्षरं मला हिंदीच्या तासाने दिली. ‘ळ’ तेवढा हिंदीच्या पुस्तकात नव्हता, तो मी एका मराठी कॅलेंडरवरून शिकले. पहिलं मराठी पुस्तक हातात आलं तेव्हा मी वीस-बावीस वर्षांची असेन. आईचे शब्द, आजीच्या शिव्या, आमच्या चुलीजवळचं बोलणं, ते सगळं छापलेलं होतं. आमची भाषा छापतात, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मी मंडळात गेले. पुस्तकांसाठी गेले, लाचारीने नाही गेले.

पहिले काही महिने मी नुसती ऐकत होते. त्या रविवारी सुलभाताई म्हणाल्या, “आज तू बोल. बघू तरी आमच्या टेलरकाकांची लेक काय वाचते ते.” त्यांचे ब्लाउज अण्णांकडे शिवायला यायचे. त्या वर्गात सगळे एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणायचे. माझ्याच वयाच्या एका मुलीलाही ‘तुम्ही’. मला तेवढं ‘तू’. तेव्हा मला त्यात माया वाटायची. माणूस किती मूर्ख असतो.

पुस्तक म्हणजे एक कादंबरी होती. एका लहान गावातली विधवा शिक्षिका. धाकट्या भावांसाठी राबते, लग्नाचं विचारलेलं नाकारते, दागिने मोडते, शेवटी भाऊ मोठे होऊन निघून जातात आणि ती देवापुढे दिवा लावते. ही कादंबरी मंडळात सगळ्यांनी वाचली होती. सगळे रडले होते. मी उभी राहिले आणि बोलले ते असं:

“मी हे पुस्तक एका बसण्यात वाचून सोडलं. मला स्वल्प राग आला. त्या बाईला काय पाहिजे म्हणून एक माणूस विचारत नाही. लिहिणाऱ्यानं पण विचारलं नाही.”

हे माझं मत. आयुष्यातलं पहिलं जाहीर मत. त्यातलं शेवटचं वाक्य मी बसमध्ये येताना मनात जुळवलं होतं. पण तिथपर्यंत कुणी आलंच नाही. सगळे पहिल्याच वाक्याशी अडकले.

आमच्याकडे एखादं काम पुरतं, पार शेवटपर्यंत केलं की ‘करून सोडलं’ म्हणतात. खाऊन सोडलं. शिवून सोडलं. कन्नडात तसं म्हणतात, ते आमच्या मराठीत मुरलं. वाचून सोडलं म्हणजे एक अक्षर न टाकता वाचलं. त्यांना ऐकू आलं, अर्धवट टाकून दिलं.

“सोडलं म्हणजे? कुठे सोडलंस? स्टेशनवर?” एक जण म्हणाला.

“आणि राग स्वल्पच आला होय? बरं झालं!” दुसरा.

आणि मग सुलभाताईंचं ते, परत म्हण ना.

घरी येताना मी स्वतःवरच चिडले होते. आपलीच भाषा वाईट, असं मनात धरून चालत होते. पुढचे दोन-तीन महिने मी बोलायच्या आधी वाक्य मनात धुऊन घ्यायची. ‘स्वल्प’ काढायची, ‘जरा’ घालायची. तरी काहीतरी निसटायचंच. मग माझा नंबर शेवटी लावायला लागले. चहाच्या आधी. “आता जरा गंमत,” असं कुणीतरी म्हणायचं आणि मी उभी राहायची.

एका रविवारी माझा नंबर यायची वाट बघत मी ऐकत बसले होते. सुलभाताई एका नव्या कादंबरीवर बोलत होत्या. “ॲक्च्युअली प्लॉट खूप इंटरेस्टिंग आहे, पण क्लायमॅक्सला ऑथरची ग्रिप सुटते. कॅरेक्टर्स कन्व्हिन्सिंग वाटत नाहीत.” सगळे गंभीरपणे माना डोलावत होते.

कुणी हसलं नाही. मी वर्गभर नजर फिरवली. एकाही चेहऱ्यावर हसू नाही. एका वाक्यात मराठी कुठे आहे ते शोधावं लागत होतं, तरी ती शुद्ध भाषा. त्यांच्या मराठीत इंग्रजी आलं तर ते शिक्षण. माझ्या मराठीत कन्नड आलं तर ती गंमत. साहेबाची भाषा चालते, शेजाऱ्याची चालत नाही. स्वल्पविराम लिहिताना यांना कधी हसू आलं नाही, आणि मी ‘स्वल्प’ म्हटलं की पोट धरतात. एवढं साधं गणित, आणि मी इतके महिने स्वतःलाच शिव्या देत होते! त्या दिवशी माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, “मला आज बोलायचं नाही.” सुलभाताई म्हणाल्या, “अगं, रुसू नकोस.” मी रुसले नव्हते. माझा जीव जळत होता.

त्यानंतर मंडळाचा अंक निघाला. झेरॉक्स काढून टाचलेला, साधाच. ‘वाचकांची मतं’ असं सदर त्यात होतं. अंक हातात आला, त्यात माझं नाव दिसलं, आणि मी खालचं न वाचताच धावत दुकानात गेले. राग होता, तरी गेले. आमच्या घरातलं नाव याआधी कुठे छापून आलं नव्हतं.

अण्णांना मराठी वाचता यायचं नाही. कन्नड पेपर घडाघडा वाचायचे, पण ही अक्षरं त्यांना परकी. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. अण्णांनी मशीन थांबवलं, त्यांना कन्नडात सांगितलं की माझ्या मुलीचं नाव छापलंय, आणि मला म्हणाले, “वाच की. मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. माझ्या नावाखाली छापलं होतं:

“ही कादंबरी मला अर्धवट सोडावी लागली, कारण भाषा जरा कठीण वाटली. तरीही नायिकेच्या त्यागाचं चित्रण अत्यंत हृदयस्पर्शी आहे.”

मी थांबले. गिऱ्हाईकांना मराठी कळत नव्हतं, ती हसून मान हलवत होती. “छान, छान,” म्हणत होती.

ती गेल्यावर अण्णा म्हणाले, “हे तू म्हणलेलं नव्हे.”

“नव्हे.”

“तू तर पुरं वाचून सोडलंवतंस. शेवटाला ती बाई दिवा लावते म्हणून मला इथं बसून सांगितलीस. किती कडकडलीवतीस तू.”

“त्यांनी बदललं, अण्णा.”

अण्णांनी सुईत दोरा ओवला. मग म्हणाले, “मोठी माणसं हैत. सुम्ने रहा.”

सुम्ने म्हणजे गप्प, उगी. आमच्या घरात हा शब्द दिवसातून दहादा येतो. लेकरू रडलं तर सुम्ने. नवरा ओरडला तर सुम्ने. मला त्या शब्दाची त्या दिवशी पहिल्यांदा किळस आली. अण्णांची नाही. त्यांनी जन्मभर लोकांच्या मापाने कापड कापलं होतं, त्यांना दुसरं काय सुचणार? पण मी काही कापड नव्हते.

पुढच्या रविवारी मी लवकर गेले आणि पहिल्या बाकावर बसले. सुलभाताई आल्या, गाडीतून, हातात अंकांचा गठ्ठा. त्यांनी सुरुवात करायच्या आधी मी उभी राहिले.

“ताई, अंकात माझ्या नावाखाली जे छापलंय ते माझं मत नाही. मी पुस्तक पुरं वाचलंय. आणि मला त्या त्यागाचं कौतुक नाही, चीड आलीय. मी म्हटलं तसं छापा.”

सुलभाताईंनी आधी इकडेतिकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज अगदी गोड.

“अगं, आम्ही तुझी लाज राखली. जसंच्या तसं छापलं असतं तर लोक हसले असते.”

हे वाक्य मी विसरणार नाही. मला शिवी दिली असती तर मी विसरले असते.

“लोक कुठे हसले?” मी म्हटलं. “तुम्ही हसलात.”

“टोन बघ जरा तुझा.”

“टोन राहू दे. माझी भाषा तुम्हाला कळली नाही तर विचारायचं होतं. दर रविवारी मी इथंच असते. तुम्ही विचारलं नाही. त्या कादंबरीतल्या बाईला जसं कुणी विचारलं नाही, तसं. तिच्या नावावर त्याग लिहिला, माझ्या नावावर अडाणीपणा लिहिला.”

“हे फार होतंय हं,” मागून कुणीतरी म्हणालं. धरणांवर बोलणारे इंजिनियर खाली बघत होते. माझ्या बाजूने एक माणूस बोलला नाही. एकसुद्धा नाही. पुस्तकं वाचून रडणारी माणसं होती ती सगळी.

पण मी खाली बसले नाही. मी माझं मत पहिल्यापासून सांगितलं. एका बसण्यात वाचून सोडलं, स्वल्प राग आला, सगळं तसंच. धुतलं नाही, गाळलं नाही. या वेळी कुणी हसलं नाही. शेवटचं वाक्य संपेपर्यंत सगळ्यांना ऐकावं लागलं.

“झालं तुझं?” सुलभाताई म्हणाल्या.

“तुमचं, म्हणा,” मी म्हटलं. “इथं सगळ्यांना तुम्ही म्हणता. मलाही म्हणायचं.”

दुरुस्ती त्यांनी कधी छापली नाही. “पुढच्या अंकात दोन ओळी टाकू, भाषा तेवढी बघून घेऊ,” असा निरोप आला. मी नको म्हणून कळवलं. सुलभाताईंचे ब्लाउज अण्णांच्या दुकानात यायचे बंद झाले. अण्णा माझ्याशी काही दिवस नीट बोलले नाहीत. मी मंडळ मात्र सोडलं नाही. मी का जाऊ? युरोपच्या प्रवासवर्णनावर बोलताना मी विचारलं की तिथले संडास किती स्वच्छ हे लेखकाने पानंच्या पानं लिहिलंय, ते कोण धुतं ते एका ओळीत का नाही? मधुमेहाच्या पुस्तकावर बोलले, त्यात नाचणीची मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, खाणारा माणूसच नाही म्हणून. लोकांना आवडायचं नाही. मी बोलायची.

ही पुस्तकी मराठी मी नंतर शिकले. चिडून शिकले. आता मला ती येते, हे लिहिलंय त्यावरून दिसतंच. तीही माझी आणि घरातलीही माझीच. एकीसाठी दुसरीला घरात कोंडणार नाही.

हे लिखाण ज्यांनी मागितलं त्यांना मी आधीच सांगितलंय. कन्नड शब्द तिरप्या अक्षरांत छापायचे नाहीत. अण्णांचं बोलणं शुद्ध करायचं नाही. कुठे काही कळलं नाही तर मला विचारा, मी सांगेन, रागावणार नाही. पण न विचारता एक शब्द जरी हलवलात तर लिखाण परत घेईन. तुम्ही छापलं नाहीत तर दुसरीकडे देईन. कुणीच छापलं नाही तर मल्लेश्वरमच्या बाजारात उभी राहून मोठ्याने वाचेन. माझ्या नावाखाली यापुढे दुसऱ्याचं वाक्य येऊ देणार नाही.