पेल्याच्या बुडावरची चाशनी

ती घटना आता आठवत नाही, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. खोटं सांगत आलो.

कोल्हापुरातल्या एका वृद्ध गृहस्थांच्या कपाटातून नॉर्वेचा, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा चांदीचा पेला नाहीसा झाला. गृहस्थ पक्षाघाताने दवाखान्यात होते, वाचा गेलेली. पुण्याहून आलेल्या मुलाने आमच्या ठाण्यात फिर्याद दिली; तपास माझ्याकडे आला. तिसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला : चांदीकामाच्या हुपरीत एका कारागिराकडे झाकणाचं मोठं, परदेशी भांडं आहे.

पेला तिथेच मिळाला. तीन गोल पायांवर उभा, झाकणात जुनं नाणं बसवलेलं, अंगभर पानाफुलांची नक्षी. आतल्या बाजूला वरपासून खालपर्यंत ओळीने खुंट्या.

"एकाच पेल्यातनं सगळ्यांनी प्यायचं साहेब, ज्यानं त्यानं आपल्या खुंटीपतोर," कारागीर कौतुकाने सांगू लागला.

"तांबड्या रश्श्याच्या पातेल्याला बसवा की असल्या खुंट्या," आमचा हवालदार म्हणाला. पंचसुद्धा हसले.

मी पेला उलटा केला. बुडावर नागमोडी ओरखडा होता. या भागात नोकरी केलेल्या कोणालाही त्याचा अर्थ कळतो. वितळवण्याआधी कस पाहायला चांदी थोडी खरवडून घेतात, तिला चाशनी म्हणतात. म्हणजे पेला भट्टीत जाणार होता. मी पंचनामा केला आणि कारागिराला ताब्यात घेतलं.

ठाण्यात तो एकच सांगत राहिला. "मालकांनीच झाकणाची बिजागरी दुरुस्तीला दिलीया. चाशनी माझी न्हाय साहेब. त्या मुलखातल्या कुणीतरी काढलीया, आपल्यासारखीच."

"व्हय रे? नॉर्वेत पण हुपरी हाय व्हय?" हवालदार म्हणाला.

पट्टा मी स्वतः उचलला. "डाव्या हातावर मारा," तो म्हणाला. उजव्या हाताने नक्षी कोरणारा माणूस. मी उजवाच धरला.

दुसऱ्या दिवशी, त्याला कोर्टात हजर करण्याआधी, फिर्यादी धावत आला. वडिलांनी वेड्यावाकड्या अक्षरांत चिठ्ठी लिहिली होती : 'पेला हुपरीला. बिजागरी.' सोबत घरातला, पेला विकत घेतानाचा जुना फोटो. बनवणाऱ्याचे शिक्के दिसावेत म्हणून पेला उलटा ठेवून काढलेला. बुडावर तोच नागमोडी ओरखडा.

हवालदार दोनदा म्हणाला, "साहेब, सोडायचं न्हवं त्याला?" मी डायरी पुढे ओढली.

स्टेशन डायरीत मी लिहिलं, 'चौकशी करून सोडून दिले.' पट्टा लिहिला नाही. मोडलेली दोन बोटंही नाहीत. ती नोंद आज पुरी करतो आहे. मी अडाणीपणाने चुकलो नाही. मला चाशनी ठाऊक होती, म्हणून मी त्याचं ऐकलंच नाही.

निवृत्तीनंतर हुपरीला गेलो. त्याने ओळखलं, बसायला दिलं. कप त्याने डाव्या हातात धरला होता.

"ते झाकण बसवलं का कुणी मग?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"चहा घ्या, गार हुतोय."

मी चहा घेतला आणि उठलो. पुढे काही महिन्यांनी तो वारल्याचं कळलं. त्या दिवशी हुपरीला जाताना मोटरसायकलवर रस्ताभर घोकलेलं आणि बोलायचं राहून गेलेलं वाक्य एवढंच होतं : तुम्ही खरं बोलत होता, माझ्या हातून पाप झालं, मला माफ करा.