बाबांची पदकं घासावीत का?

मित्रहो, आई ट्रंक उघडायची तेव्हा बाबांच्या फौजेतल्या पदकांची किणकिण व्हायची. शाळेतल्या पाठ कवितेसारखी ती आज पुन्हा कानात वाजली.

दसऱ्याची भांडी घासताना सूनबाईनं ती पदकंही चिंचेच्या पाण्यात टाकायला घेतली. "मामा, अक्षरांत लाल गंज चढलाय. बिलकुल नवी करून देते."

"थांब गं, जुनेपणातच त्यांचं तेज आहे."

"मंग गंजू द्यायची का?"

तिचंही बराबर होतं. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. आता तुम्हालाही विचारतो. तुम्ही काय केलं असतं?

हे लिहून राह्यलो तोच दारात अक्का! गुडघ्यांमुळं घर न सोडणारी माझी थोरली बहीण फोटो पाहून अंबडहून बसनं आल्ती.

"घासू नको रे. गंज न्हाई तो. बाबा गेल्यावर आई स्वतःला कुंकू लावत नव्हती. दर दसऱ्याला त्या पदकांना लावायची."