नवी पेठेत सांडलेली कार्डं

लग्नाचा बँड वाजला, घोडी बिचकली आणि माझ्या मांडीवरचं खोकं टांग्यातून थेट नवी पेठेच्या रस्त्यावर पडलं. झाकण उडालं. आतली सगळी कार्डं माणसांच्या पायांत, सायकलींच्या चाकांखाली पसरली.

"क्या करूं मौसी, बँड को डरती ये," टांगेवाले रज्जाकभाई म्हणाले.

"मग बँडच्या मागनं कशाला घातली?" मी म्हटलं आणि उतरले.

मालतीबाई टांग्यातच बसून राहिल्या. त्या कॉलेजात शिकवत होत्या. पुण्याहून आलेले एक सर दुपारी त्यांचं काम बघणार होते. सरांनी नाही म्हटलं की बाईंचा प्रबंध तिथंच संपणार. कामाचा सगळा ऐवज त्या खोक्यात होता.

मी अक्कलकोट रोडच्या एका चादरीच्या कारखान्यात कार्डं पाडायचे. जाड पुठ्ठ्याला भोकं पाडायची, ती माळ मागावर चढवायची, की भोकांप्रमाणे चादरीवर मोर उठतो. चौथीपर्यंत शाळा झाली होती, त्यामुळे वाचताही यायचं. म्हणून सुट्टीच्या दिवशी बाईंनी मला कामाला घेतलं.

बाई जुन्या प्रवाशांची वर्णनं वाचायच्या. कोणी घोड्यावरून विजापूरला गेला, कोणी बैलगाडीनं करमाळ्याला. वाटेत त्याला काय दिसलं, एवढंच बाईंना हवं असायचं. झाड, जनावर, पाणी. एका कार्डावर एक उतारा. कार्डाचा एक कोपरा तिरका कापलेला, म्हणजे उलटं लागलेलं लगेच कळतं. चारी कडांना भोकं. एक भोक बाभळीचं, एक लांडग्याचं, एक माळढोकाचं. उताऱ्यात लांडगा असला की लांडग्याच्या भोकापासून कडेपर्यंत मी कात्रीनं वाट कापायची. मग सगळी कार्डं एकत्र धरून त्या भोकातून स्वेटरची सुई घालायची आणि हलवायची. लांडग्याची कार्डं खाली गळतात. बाकीची सुईवर लटकून राहतात. त्या काळी सोलापुरात कॉलेजला कॉम्प्युटर कुठला? बाई म्हणायच्या, आपला कॉम्प्युटर हाच.

मी रस्त्यावर बसून वेचायला लागले. कारखान्यात कार्डांचा क्रम चुकला तर मोराचं डोकं शेपटाला जातं.

"बाई, क्रम गेला की सगळा!"

तेव्हा कुठं बाई खाली उतरल्या. "क्रम लागतच नाही मावशी. सुई आपोआप शोधते. नुसती गोळा करा. कापलेला कोपरा एका बाजूला आला की झालं."

हे ऐकल्यावर मला जोर आला. दुकानदारही उठले. एक कापडवाला कार्ड वाचतच आला.

"मावशी, आमच्या करमाळ्याकडं वाघ व्हता म्हणं?"

"व्हता. तुमी आलासा, त्यो गेला. द्या हिकडं."

त्याचा शेजारी एवढा हसला की हातातली कार्डं परत पडली. एक कार्ड मोकाट बैलाच्या तोंडात होतं. रज्जाकभाईंनी ते ओढून काढलं, मी पदराला पुसलं आणि खोक्यात टाकलं.

कॉलेजात सर खुर्चीत ताठ बसले होते. "माळढोक दाखवा."

बाईंनी सुई घातली. कार्डं गळली. सरांनी वाचली. बरोबर होती, एक सोडून. त्यात नुसती बाभूळ होती.

"मगर."

तेच कार्ड परत गळलं.

"वाघ." परत तेच.

"हे गृहस्थ कोण?" सर म्हणाले. "जातील तिथं यांना सगळंच भेटतंय!"

बाईंचा चेहरा उतरला. मी कार्ड उचललं. वरची कड चघळलेली होती. कडच नाही, तर सुईवर राहणार कशाला?

"बैलानं खाल्लंय," मी म्हटलं.

"कुठल्या बैलानं?"

"नवी पेठेतल्या."

सर हसले नाहीत. "मग बाकीच्या कार्डांवर मी विश्वास कसा ठेवू?"

बाईंनी सुई परत उचलली. मग म्हणाल्या, "प्रत्येक कडेला काही भोकं आम्ही कशालाच दिलेली नाहीत. त्यांतून एकही कार्ड गळायला नको. गळेल ते फाटकं."

त्यांनी चारी कडांच्या रिकाम्या भोकांतून सुई फिरवली. बैलाचं कार्ड गळलं. चाकाखाली आलेलं आणखी एक गळलं. बाकी सगळी लटकून राहिली. दोन्ही कार्डांच्या कडांना मी जाड कागदाची पट्टी चिकटवली, नवी भोकं पाडली आणि उतारा वाचून हवी तेवढीच कापली. सरांनी परत वाघ मागितला. बाभूळवाले गृहस्थ सुईवर निमूट लटकले.

आता मात्र सर मोठ्यांदा हसले. "ही तपासणी प्रबंधात लिहा. बैलासकट लिहा." मग सुई स्वतःच हातात घेतली आणि चहा गार होईपर्यंत लांडगे, काळविटं, नद्या पाडत बसले.

बाईंचं काम पुढं गेलं. त्या डॉक्टर झाल्या. बैलाचं त्यांनी प्रबंधात लिहिलं नाही, तेवढं चुकलं. मी शिकले ते एवढंच, की खोकं सुतळीनं बांधल्याशिवाय टांग्यात चढायचं नाही.

घोडीला काही झालं नाही. रज्जाकभाई, बाई आणि मी धड राहिलो. शाई खाऊनही बैल दुसऱ्या दिवशी त्याच कापडवाल्याच्या दारात उभा होता.