ओटा म्होरं घे

बसू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला एका बांधकामावर कंत्राटदाराशी हुज्जत घालत उभा होतो. फोन मंगलवहिनींचा होता. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. चहा घेता घेता छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं... मी तसाच लातूरला निघालो. पोचलो तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाया, रिक्षावाले, दवाखान्यातल्या आया, क्लासचे शिपाई, सगळे घरचं माणूस गेल्यासारखे रडत होते. लिंगायतांमध्ये देहाला बसवून समाधी देतात. बसू एका जागी एवढा वेळ बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आणि खोटं कशाला सांगू, त्या गर्दीकडं बघताना माझ्या मनात आलं ते हे, की मी गेल्यावर एवढी माणसं येतील का? चाळीस वर्षांच्या दोस्ताच्या मयतीत असलं काही सुचावं याची लाज वाटते. पण बसूविषयी मला जे वाटत आलं त्यातलं निम्मंअधिक असलंच होतं. ते वगळून लिहिलं तर हा लेख माझा राहणार नाही.

नांदेडला स्थापत्याच्या डिप्लोमाला आम्ही एका खोलीत राहायचो. मी हदगावकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. तो मुरुडच्या आडत दुकानदाराचा मुलगा. नाव बसवराज, पुढं साऱ्या लातूरचा अप्पा झाला, पण माझ्यासाठी बसूच. ड्रॉइंगमध्ये मी वर्गात पहिला आणि तो दोनदा नापास. त्याच्या निम्म्या शीट मीच काढून दिल्या. नकाशा हातात धरला की त्याला वरची बाजू कोणती हेसुद्धा विचारावं लागायचं, आणि मी चार पोरांत त्याची टिंगल करायचो. तो हसायचा. त्याला राग येत नाही याचाच मला राग यायचा. तरी मनाला एक समाधान होतं, की या धंद्यात हा माझ्या पुढं जात नाही.

शिकून मी नांदेडलाच राहिलो आणि बंगले, अपार्टमेंट काढत गेलो. तो बापाच्या आडतीवर बसला. आडतीच्या कामानं रोज मुरुडहून लातूरला जाताना तो पहाटेच्या जीपमध्ये असायचा आणि त्याच जीपमध्ये लातूरच्या मेसांत स्वयंपाक करणाऱ्या बाया असायच्या. क्लासेस वाढले तशी लातुरात खोल्यांची भाडी चढली. बाहेरगावच्या लेकरांचे आईबाप म्हणाल तेवढा किराया द्यायला तयार, मग पोळ्या लाटणाऱ्या बाईला खोली कोण देणार? शहराला जेवू घालणाऱ्या बायांना त्याच शहरात अंग टेकायला जागा नव्हती. त्यातल्या सुमनबाईंनी एक दिवस बसूला सरळ विचारलं, "अप्पा, तुमची ती कडब्याची जागा हाय की. तिथं कडबा राहतो, मग आमी न्हाई राहू शकत का?"

ती जागा बसूच्या वाट्याला आलेली होती, लातूरच्या कडेला. बिल्डर तिच्यासाठी त्याच्या दारात खेटे घालत होते, त्यांतल्या एकाला तर मीच पाठवलं होतं. बसूनं ती जागा संस्था काढून संस्थेच्या नावावर केली. लातुरात राबणाऱ्या आणि लातुरात छप्पर नसलेल्या कुटुंबांसाठी घरं बांधायची, किराया त्यांच्या पगाराला झेपेल एवढाच घ्यायचा आणि कुणाला उठवायचं नाही, असं त्यानं ठरवलं. मला म्हणाला, नकाशा तूच काढ. मी फी घेणार नाही म्हणालो. त्यात माझं मन किती मोठं होतं आणि या कामाला आपलंही नाव लागावं ही हाव किती होती, ते मला चांगलं ठाऊक आहे.

नकाशा मी जीव लावून काढला. पुढं बसायची खोली, आत स्वयंपाकघर, स्वयंपाकाचा ओटा मागच्या भिंतीला आणि मागच्या दाराबाहेर टेकायला एक लहानसा ओटा. बसूनं तो नकाशा कुणाकडून तरी समजून घेतला आणि मला फोन केला. "दत्त्या, समदं ब्येस हाय. फकस्त ओटा म्होरं घे. बायांना गल्ली दिसली पाहिजे."

मी कपाळावर हात मारला. चूल दारात? आपल्याकडं पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून स्वयंपाकघर आत ठेवतात आणि हा म्हणतो पुढं घे. जेवताना बायकोला सांगून मी पोटभर हसलो. पण मग ईर्ष्येनं तसंच काढलं. म्हटलं, होऊ दे याची फजिती. स्वयंपाकघर पुढं आणलं, ओटा गल्लीकडच्या भिंतीला लावला, त्याच्यावर रुंद खिडकी ठेवली आणि नकाशा पाठवून दिला.

फजिती झालीच नाही. बाया राहायला आल्या आणि त्या ओट्याच्या प्रेमात पडल्या. भाकरी थापता थापता गल्लीत खेळणारं लेकरू दिसतं, समोरच्या खिडकीतल्या बाईशी बोलता येतं, कालवणाची वाटी दारही न उघडता हातोहात पलीकडं जाते. दिवसभर परक्याच्या भटारखान्यात भिंतीकडं तोंड करून राबणाऱ्या बायांना आपल्या घरी समोर माणसं दिसायला लागली. पुण्याहून वास्तुकला शिकवणारे लोक बघायला आले. फोटो छापून आले. अप्पांनी बायकांच्या मनातलं ओळखलं, असं जो तो लिहायला लागला. मी ती कात्रणं वाचायचो आणि घरात दिवसभर कुणाशी धड बोलायचो नाही. ज्याला नकाशा उलटा की सुलटा कळत नाही, त्याला हे सुचावं आणि जन्मभर रेघा मारून मला सुचू नये, हे मला पचतच नव्हतं.

लातूरला त्याचा सत्कार झाला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होतो. सूत्रसंचालकानं ओट्याचं कौतुक केल्यावर बसू माइकपाशी आला आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला की हे मला सुचलेलं नाही, हे माझ्या या नांदेडच्या दोस्ताचं काम आहे. सभागृहात टाळ्या पडल्या. त्या मला नव्हत्या, त्याच्या विनयाला होत्या. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी मी त्याला गाठून सांगितलं की असला उसना मोठेपणा मला नको, भीक घातल्यासारखं वाटतं. 

"काढलंस कुनी? तूच न्हवं? मग तुझंच हाय की ते," तो म्हणाला आणि माझ्या हातात कप दिला.

त्यानंतर वर्षभर मी लातूरला गेलो नाही. मुद्दाम गेलो नाही. त्याचे फोन यायचे, मी कामात आहे म्हणून सांगायचो. पुढं पुन्हा जाणं-येणं सुरू झालं, पण पहिल्यासारखं नाही.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मंगलवहिनींचा निरोप आला, संस्थेच्या कोपऱ्यावरच्या घराची भिंत ओल धरतेय, येऊन बघा. गेलो. सोबत महेबूब मिस्त्री होते. ही सगळी घरं त्यांच्याच हातची. ओल बघून झाली. मी उगाच ओट्याच्या कडप्प्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, अप्पाचं डोकं मात्र मानलं पाहिजे. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, आता अप्पाच न्हाईत म्हनून सांगतो. त्यांना हा ओटा नको व्हता. बसायचा ओटा दारापुढं पाहिजे व्हता. सांजंला बाया घटकाभर बाहेर टेकतील म्हनून."

मला एकदम काही उमजेना. मग फोनवरचं ते वाक्य आठवलं. स्वयंपाकाचा तोही ओटाच आणि दारात बसायचा तोही ओटाच. तो एका ओट्याविषयी बोलत होता आणि मी दुसराच उचलून पुढं नेला होता.

"मी पहिल्या दोन घरांत कडप्पा बसवला आन मग अप्पा आले," मिस्त्री सांगत होते. "बघून डोक्याला हात लावला. म्या म्हनलं, तोडू का? त्यांनी ओट्यापाशी जाऊन खिडकीतून गल्लीकडं पाह्यलं. मग म्हनले, राहू द्या मिस्त्री. दत्त्याची चूक हाय, वाया न्हाई जायची. आन त्याला बोलायचं न्हाई."

मला पहिल्यांदा झाला तो आनंद. हो, आनंदच... ज्या गोष्टीवर मी अकरा वर्षं जळत होतो ती माझीच निघाली. चुकून का होईना, माझ्याच हातून झालेली. घटकाभर मी त्या खोलीत हरखून उभा होतो. मग हळूहळू दुसरं ध्यानात यायला लागलं. सत्काराच्या दिवशी तो खरं तेच बोलला होता. मी चुकलो होतो एवढंच त्यानं गाळलं. मी त्याच्या नकाशे वाचण्यावरून अगदी परवापरवापर्यंत चारचौघांत खिल्ली उडवत आलो. एका वाक्यात तो माझं तोंड बंद करू शकला असता. चहाच्या टेबलापाशी मी त्याला टाकून बोललो तेव्हा तर ते वाक्य नक्कीच त्याच्या जिभेवर आलं असेल. त्यानं मला कप दिला.

बाहेर पडताना सुमनबाईंनी खिडकीतून चहा दिला. अप्पा रोज इथंच उभे राहून चहा प्यायचे, गल्लीच्या बाजूला टेकायला काहीच नाही, असं त्या म्हणाल्या. मीही उभ्यानंच प्यालो. तिथंच मी मिस्त्रींना सांगितलं की हे इथंच राहू द्या, अप्पांनी पोटात ठेवलं तसं आपणही ठेवू, लोक म्हणतात ते म्हणू द्या. ते हो म्हणाले. नांदेडला येईपर्यंत मला स्वतःविषयी फार बरं वाटत होतं. वाटलं, या एका बाबतीत तरी मी बसूची बरोबरी करीन.

बसूनं ते अकरा वर्षं कुणाला कळू दिलं नाही. माझ्याच्यानं महिनाभरही राहवलं नाही. त्याच्याविषयी चार शब्द लिहा असं पुरवणीवाल्यांनी म्हटल्याबरोबर मी कागद पुढं ओढला. लिहिताना डोळे भरून आले, ते खोटं नाही. पण ओटा माझा होता हे तुम्हाला कळायला हवं होतं.