महालात मला शेळ्यांसोबत कोंडलं!

जुन्नरकरांनो, आत्ताच घरी पोचलेय. घाईत टाइप करतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आपल्या गावाबाहेर निजामशाहीतला जुना विश्राममहाल आहे ना, तिथे फोटो काढायला गेले होते. भिंतीच्या जाडीतच जिना काढलाय, एका वेळी एकच माणूस मावेल एवढा. वर दगडी जाळ्या. राजघराण्यातल्या बायकांना बाहेरचं सगळं दिसावं, पण त्या कुणाला दिसू नयेत, अशी रचना. मी त्यातच रमले.

पाच वाजून गेल्यावर खाली उतरले तर दालनात आठ शेळ्या! दाराला बाहेरून पत्रा, त्यावर बाभळीच्या फांद्या रेटलेल्या. ढकलून हलेना. रेंज नाही. हाका मारल्या, पण त्या भिंतींतून आवाज बाहेर जाईल कसला?

परत वर पळाले. समोरच्या अंगणात एक मावशी वाळलेले कपडे काढत होत्या. मला त्या दिसत होत्या, त्यांना मी नाही; हाकही पोचेना. शेवटी जाळीतून ओढणी बाहेर काढून फडकवली, तेव्हा त्या धावत आल्या आणि पत्रा सरकवून मला बाहेर काढलं.

"आत कोणी आहे का, ते तरी बघायचं!" मी चिडलेच.

"चुकलं बाई माजं. पाच वाजलं का बिबट्याच्या भ्यानं हात आपसूक चालत्यात. आदी शेळ्या, मग पोरं, मग आमी."

मी आणखी बोलणार, तोवर त्यांनी पत्रा परत लावला.

"पळ आता. मला बी कोंडून घ्यायचंय."

मी अर्धाच तास अडकले होते. तुमच्याकडे कड्या किती वाजता लागतात?