तानाबाईनं लावलेल्या टाइल्स

बिरप्पा मिस्त्रीनं बावीस वर्षं सोलापुरातल्या लोकांच्या स्वयंपाकघरांना टाइल्स लावल्या. मेंढरं भावाच्या गळ्यात घालून तो सांगोल्याकडून आला, आणि कटरच्या धुरळ्यातच जन्म गेला. तोंडाला फडकं कधी बांधलं नाही. जीव घुसमटतो, म्हणायचा.

गेल्या वर्षी खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला. "धूळ बसलीय आत. ती निघत नसते. आता जपायचं."

अक्कलकोट रोडकडच्या दोन खोल्यांत तो आठवडाभर ओट्यामागची भिंत बघत पडून राहिला. पिवळा ऑइलपेंट, त्यावर फोडणीचे ओघळ. बायकोनं, तानाबाईनं, तिथं टाइल्स मागून मागून शेवटी मागणंच सोडलं होतं.

"तानी, आपली भिंत करू."

"धुरळ्यात जायचं न्हाय तुमी."

"मी भाईर बसतो. हात तुझं."

तानाबाईनं सोड्यानं भिंत घासली, पाणी मारलं, तोंडाला पदर गुंडाळला आणि छन्नी-हातोडी घेतली. दार लोटून ती ठोकत होती. तो बाहेरून कान लावून सांगत होता, "गुळगुळीत रंगावर टाइल धरत न्हाय. छन्नीनं जवळजवळ टाचं मारून खरबरीत कर. आता पोकळ वाजलं बघ, तितला गिलावा काढ!"

दुसऱ्या दिवशी कामांवरून उरलेल्या पांढऱ्या टाइल्स चढल्या. तिसरी ओळ तिरकी गेली. बिरप्पानं तिच्यावरून हात फिरवला.

"काढ ही."

"वाळली की आता."

"मिस्त्रीच्या घरात तिरकी वळ? लोकं काय म्हणतील?"

"लोकं येत्यात कुटं आता?"

त्यानं ती ओळ तशीच राहू दिली. सांधे मात्र मीच भरणार म्हणून हटून बसला. स्टुलावर बसून ओलं पांढरं सिमेंट बोटानं दाबत दोन ओळी केल्या. मग हात खाली पडला, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. उरलेलं तानाबाईनं भरलं.

महिन्याभरात तो गेला. मातीला त्याच्या धंद्यातला एकटा शरणबसव आला होता. तो सारखा खोकत होता. तानाबाईनं त्याला बाजूला घेतलं.

"छातीचा फोटो काढून घे, भाऊ."

"सात रस्ता चौकात एका बाथरूमचं काम धरलंय, वैनी. तेवढं उरकतो, मग बघू," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली.