रिकामं पाणी

सुनावणीच्या सभागृहात ओरिन टेफ्ट तीनदा उठला, तीनदा बसला. पॉइंट ज्युडिथ बंदराच्या धक्क्यावरून चाळीस वर्षं शेवंडं पकडायला जाणारा हा माणूस. खुर्चीत त्याला कधीच चैन पडलं नाही.

समोरच्या समुद्राच्या नकाशावर एक चौकोन पांढरा होता. तिथे पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या, कारण सरकारी नोंदींप्रमाणे तिथे कुणीच मासेमारी करत नव्हतं.

ओरिनचे सापळे तिथेच होते.

ती खडकाळ जागा बापाने दाखवली होती. "बायकोला सांगायची नाही, पाद्र्यालाही नाही," म्हणाला होता. म्हणून दर फेरीच्या सरकारी नोंदीत ओरिन पाच मैल अलीकडची जागा लिहायचा. धक्क्यावर सगळेच तसं करत. नकाशा त्याच नोंदींवरून काढला होता.

"सांगून टाक," बायको डीलिया कुजबुजली.

"मागे गिल बसलाय. या जागेसाठी वीस वर्षं माझ्या मागावर आहे."

"मग काय, चक्क्यांना देऊन टाकायची जागा?"

मागून गिल वाकला. "काय रे ओरिन, तू कशाला आलास? तुझे सापळे तर अलीकडे असतात ना?" अख्खी रांग हसली.

एक वायरमन बाई बोलून गेली. कामं येतील, धूर कमी होईल. ओरिनला तिचं पटलं, आणि तो आणखीच अस्वस्थ झाला.

नाव पुकारलं. बोलायला तीन मिनिटं. एक नुसतं उभं राहण्यात गेलं. मग त्याने बापाची वही काढली आणि अक्षांश-रेखांश वाचले. आकडा अन् आकडा. मागे हसणं थांबलं.

अधिकारी बाईंनी कागद चाळले. "टेफ्टसाहेब, तुमच्या सहीच्या नोंदी वेगळंच सांगतात."

"त्या खोट्या आहेत, मॅडम."

"मग ही वही खरी कशावरून?"

ओरिनने तोंड उघडलं. वेळ संपल्याची घंटी वाजली.

दुसऱ्या सकाळी तो खडकापाशी पोचला, तेव्हा त्याच्या पिवळ्या बोयांमध्ये गिलचे लाल बोये डुलत होते. गिल सापळे सोडतच होता.

"गिल!" ओरिन ओरडला. "नोंद तरी खरी लिही! निदान नकाशावर कुणीतरी दिसेल!"

"वेड लागलंय का तुला?" गिल हसला. "उरलेला सगळा धक्काही इथे येईल की!"

ओरिनने इंजिन बंद केलं. लगेच पुन्हा चालू केलं.